कमोडसमोरचं प्लास्टिकचं स्टूल: घ्यावं का?

विषय जरा तसला आहे, जेवताना वाचत असाल तर नंतर या. फ्लॅटच्या रिनोव्हेशनमध्ये आम्ही इंडियन टॉयलेट काढून कमोड बसवला आणि तेव्हापासून घरात "आज काही नीट झालं नाही" हे वाक्य रोजचंच झालं, म्हणून हे पाय ठेवायचं स्टूल ऑनलाइन मागवलं. पांढरं, मधे खाच असलेलं, 7 इंच उंच, सातशेच्या आसपास पडलं. वापरून झालं की कमोडच्या बुडाशी सरकवून ठेवता येतं, जागा अजिबात खात नाही.

याच्यामागचं लॉजिक खरं आहे. प्युबोरेक्टॅलिस नावाचा एक स्नायू गुदाशयाला मागून वेढा घालून पुढे ओढून धरतो, त्यामुळे तिथे पाइपला मुरड पडावी तसं होतं आणि म्हणूनच आपण दिवसभर बिनघोर हिंडू शकतो. उकिडवं बसलं की तो जास्त सैल पडतो आणि रस्ता बराच सरळ होतो, खुर्चीसारखं बसलं की अर्धवटच, मग बसा कुंथत. 2010 साली जपानमध्ये मोजलं होतं, कमोडवर बसल्यावर या मुरडीचा कोन 100 अंशांच्या आसपास आणि उकिडवं बसल्यावर 126. पण त्यातच असंही दिसलं की कमोडवर बसून नुसतं कंबरेत जास्त वाकलं तर कोनात फारसा फरक पडत नाही, त्यामुळे बॉक्सवर छापलंय तसं "अगदी इंडियन टॉयलेटसारखं" वगैरे काही नाही हां. तरी 2019 मध्ये ओहायोत 52 जणांना असं स्टूल वापरायला दिलं तेव्हा बहुतेकांना कमी जोर करावा लागला. आमच्या सासूबाईंचंही तेच म्हणणं, आणि गुडघ्यांमुळे त्यांना खाली बसणं शक्यच नाही, त्यामुळे त्यांच्यासाठी पैसे वसूल.

नवऱ्याला मात्र शून्य फरक. कसा पडेल, सकाळी ब्रेड, दुपारी कँटीन, रात्री नूडल्स! स्टूल रस्ता सोपा करतं हो, पण रस्त्यावरून जायला काहीतरी माल नको का? गोरिला-चिंपांझीच्या पोटात निम्म्याहून जास्त जागा मोठ्या आतड्याची असते, दिवसभर पाला चघळायचा आणि तिथे आंबवत बसायचा. आपण भाजायला, शिजवायला, दळायला शिकलो, आपलं मोठं आतडं साधारण पाचव्या हिश्श्यावर आलं आणि लहान आतडं वरचढ झालं. म्हणून निव्वळ पाल्यावर आपलं भागत नाही, पण जे मोठं आतडं उरलंय त्याला चोथा लागतोच. बर्किट नावाच्या डॉक्टरांनी 1972 मध्ये आकडे छापले होते, युगांडातल्या खेड्यातल्या लोकांना दिवसाला चारशे ग्रॅमच्या वर होत होतं आणि खाल्लेलं दीड दिवसात बाहेर, ब्रिटिश नौदलातल्या पोरांना जेमतेम शंभर ग्रॅम आणि तीन दिवसांहून जास्त. आता नवऱ्याला रात्री ज्वारीची भाकरी आणि मटकीची उसळ चालू केलीये, कुरकुरतोय पण बाथरूममधून लवकर बाहेर येतो. श्रेय स्टूलला देतो, देऊ दे.

आता धुण्याचं. आपण दोन पायांवर ताठ चालायला लागलो, त्यासाठी ढुंगणाचे स्नायू एवढे मोठे झाले की ती जागा दोन्हीकडून झाकली गेली, त्यामुळे माणसाला पाणी हवंच, नुसत्या कागदाने माझं तरी समाधान होत नाही. इथे स्टूलची अडचण होते, गुडघे वर आले की जेट स्प्रे पुढून धरायला जागाच राहत नाही. मी आधी पाय खाली घेते, मग धुते. शिवाय स्टूलच्या कडेला पाणी साचतं, बोअरिंगचं पाणी असेल तर पिवळे डाग पक्के. खालची रबरं पण लवकरच निघाली, ओल्या टाइल्सवर ते सरकतं, म्हातारं माणूस असेल तर हे फार डेंजर. कंपनीला मेल केला, उत्तर नाही. शेवटी आम्हीच नवीन रबरं चिकटवली.

9 इंची घेऊ नका, पहिल्यांदाच वापरणार असाल तर पाय अवघडतात. खुब्याचं ऑपरेशन झालेलं कुणी घरात असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका, त्यांना गुडघे कंबरेच्या वर न्यायला बहुतेक वेळा मनाई असते.

पाचपैकी साडेतीन स्टार. एक रबरांसाठी कापला, अर्धा त्या बॉक्सवरच्या थापेसाठी.