गप्प मुलाकडेही लक्ष देणारे पाळणाघर

कोथरूडमधील एका बंगल्याच्या तळमजल्यावर चालणाऱ्या ज्या पाळणाघरात आमची दोन वर्षांची मुलगी जाते, त्याची जागा, खेळणी आणि स्वच्छता चांगली आहे, एवढे सांगून पुढे जातो. त्याचे वेगळेपण आहे ते नव्या मुलाला रुळवण्याच्या पद्धतीत.

पहिले काही दिवस आई-वडिलांपैकी एकाने वर्गात बसायचे, मुलाला स्वतः खेळवायचे नाही, केवळ हजर राहायचे, असा येथे नियम आहे. जर्मनीत रूढ असलेल्या बर्लिन पद्धतीशी हे बरेच मिळतेजुळते आहे; तेथे पहिले तीन दिवस ताटातूट करतच नाहीत, त्यानंतर पालक थोडा वेळ बाहेर जाऊन पाहतो आणि ताईंनी जवळ घेतल्यावर मूल शांत होते की नाही, यावर पुढचा टप्पा ठरतो. मूल रमले की हळूच सटकावे, हा घरोघरी मिळणारा सल्ला येथे चालत नाही. सांगूनच निघावे लागते, मग मूल रडले तरी चालेल; कारण एकदा फसवले गेलेले मूल खेळ सोडून दारावर पहारा ठेवू लागते.

दारातल्या रडण्याचा ताई बाऊ करीत नाहीत. ताटातुटीची भीती साधारण आठव्या महिन्याच्या आसपास दिसू लागते, दीड वर्षापर्यंत तीव्र असते आणि बहुतेक मुलांत तिसऱ्या वर्षी ओसरते. त्यांचे लक्ष असते ते दार बंद झाल्यानंतरच्या वागण्याकडे. न रडता कोपऱ्यात उभे राहणारे, बूट काढू न देणारे, डब्याला हात न लावणारे किंवा शी-शू रोखून धरणारे मूल ‘शहाणे’ म्हणून सुटत नाही. सकाळच्या ताई त्याच्याजवळ जाऊन बसतात आणि बोलण्याची सक्ती करीत नाहीत. ‘आई कधी येणार?’ याला ‘येईल हं आत्ता’ असे मोघम उत्तर न देता ‘जेवण, मग झोप, मग दूध, मग आई’ असा क्रम सांगितला जातो, कारण या वयाला घड्याळ कळत नसले तरी क्रम कळतो. घरची गोधडी आणायलाही परवानगी आहे. अशा वस्तूचा मुलाला मिळणारा आधार ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ डोनाल्ड विनिकॉट यांनी 1950च्या दशकातच मांडला होता, तरी आपल्याकडे अजून ती ‘वाईट सवय’ ठरते.

दुपारची पाळी मात्र निराशा करते. मावश्या वरचेवर बदलतात, आणि जेवताना ‘पोलीस येईल’ ही धमकी मी स्वतः ऐकली आहे. सकाळी मिळवलेला विश्वास त्यात वाया जातो. व्हॉट्सॲपवर रोज येणारे ‘आज खूश होती’ हे वाक्यही निरुपयोगी आहे. किती खाल्ले, झोप लागली का, घाबरल्यावर ती कोणाकडे गेली, एवढे कळले तर हसऱ्या फोटोंची गरज उरणार नाही.

शुल्क परिसराच्या मानाने जास्त आहे, आणि रुळण्याच्या काळातही ते पूर्ण आकारतात. त्याहून मोठी अडचण रजेची. 2017च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी प्रसूती रजा 26 आठवड्यांची झाली खरी, पण ती बहुधा बाळ सहा महिन्यांचे होण्याआधीच संपते आणि पाठोपाठ ताटातुटीची भीती सुरू होण्याचे वय येते. नोकरदार आईने त्यानंतर वर्गात बसायला दिवस आणायचे कोठून? त्यामुळे येथे आजी-आजोबांनाही बसू देतात, फक्त रोज तीच व्यक्ती असावी, ही अट रास्त आहे.

महिनाभरानंतरही मुलाचे खाणे, झोप आणि खेळ सावरला नाही, तर संचालिका स्वतःहून बालरोगतज्ज्ञांना दाखवण्यास सुचवतात. निदान करण्याचा आव आणीत नाहीत. ज्यांना प्रवेश घ्यायचा आहे त्यांनी शक्य असल्यास जून टाळावा. त्या महिन्यात नव्या मुलांची एकदम गर्दी होते आणि ताई सर्वांना पुरत नाहीत. शिवाय दुपारी कोण असते, हे त्या वेळी प्रत्यक्ष जाऊन पाहावे.