जेवणाचं टेबल: ग्रॅनाइट की जुनं सागवान?

दोन्हींवर मी जेवलोय. आधीच्या घरात पाच वर्षं काळं पॉलिशचं ग्रॅनाइट होतं, आता तीन वर्षं जुन्या सागवानी फळ्यांचं टेबल आहे.

ग्रॅनाइटची बाजू भक्कम आहे. कुकर गॅसवरून उतरवून तसाच टेकवा, पिठलं सांडा, लिंबू पिळा, एका फडक्यात काम होतं. संगमरवराशी मात्र गल्लत करू नका, लिंबाचा थेंब राहिला की तेवढ्या जागची झळाळी जाते. कडप्पा आणि कोटाही चुनखडीचेच, त्यांनाही आंबट सोसत नाही.

माझं बिनसलं ते दिव्यावरून. टेबलावर अडीच फुटांवर बांबूची शेड टांगली होती, आत २७०० केल्विनचा पिवळसर बल्ब. बसलेल्याच्या डोळ्यांत बल्ब येऊ नये अशी उंची मुद्दाम साधली, आणि तो खालून, टेबलातून यायला लागला. आमटीच्या वाटीशेजारी एक जळता ठिपका, मान वळवली की तोही सरकायचा. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आईला तो सोसेना. ती ताटापुढे पंच्याची घडी पसरून मगच जेवायला बसायची. कमी वॅटचा बल्ब लावला, तर माशातले काटे दिसेनात. लेदर फिनिशच्या, म्हणजे चामड्यासारख्या खडबडीत पृष्ठभागाच्या दगडात ही चकाकी मरते, पण भावाकडे पाहिलंय, त्या दगडाच्या बारीक खळग्यांत तेलकटपणा बसतो आणि घासूनही हाताला लागतो.

सागवान आणलं ते वखारीतून, पाडलेल्या वाड्याचं. सुतारानं रंधा मारला तेव्हा इतक्या जुन्या लाकडाचा वास घरभर झाला! खिळ्यांची भोकं तशीच ठेवली. चकचकीत मेलामाइन पॉलिश न देता जवसाचं तेल दिलं, त्यामुळे तोच बल्ब त्याच उंचीवर असून उजेड लाकडात मुरतो. साधं वरण-भातसुद्धा त्या उजेडात पाहत राहावंसं वाटतं.

त्रास याचेही आहेत. ओला तांब्या राहिला की गोल उमटतो, बारीक पॉलिशपेपर फिरवून पुन्हा तेल द्यावं लागतं. हळदीचा डाग उन्हाच्या खिडकीशी आठवडाभरात फिका पडतो, निदान आमच्याकडे तरी. पावसाळ्यात फळ्या फुगतात, म्हणून खालच्या पट्टीत स्क्रूची भोकं लांबट ठेवायला सुताराला आधीच सांगा. आणि तेलाचं फडकं चुरगळून टाकू नका, ते आपोआप पेट घेऊ शकतं. उलगडून बाहेर वाळवा.

सकाळी डब्यांची घाई, लहान मुलं, वर्षातून दोनदा तेल द्यायला वेळ नाही, असं असेल तर ग्रॅनाइट घेण्यात चूक नाही. मी मात्र परत घेणार नाही. घ्यायचंच असेल तर दगडाचा तुकडा घरी आणा, रात्री दिव्याखाली ठेवून समोर खुर्चीत बसून बघा. दुकानात उभ्यानं बघताना हे ध्यानात येत नाही.