गडचिरोली-चिमूर की नंदुरबार?

लोकसभा मतदारसंघाच्या भूगोलावर प्रोजेक्ट करायचाय, यातला कुठला घेऊ, असं विचारलंयस म्हणून लिहितोय. दोन्ही अनुसूचित जमातींसाठी राखीव, दोन्हीत सहा विधानसभा.

हद्द बघ आधी. गडचिरोली-चिमूर २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेतला, तीन जिल्ह्यांत पसरलेला, वर गोंदियातलं आमगाव आणि खाली प्राणहिता-गोदावरी संगमावरचं सिरोंचा, रस्त्याने अंतर तीनशे किलोमीटरच्या वर, म्हणजे एकाच खासदाराची ही दोन टोकं, लोकांचे किती हाल होत असतील! नंदुरबारला धुळ्याचे साक्री-शिरपूर जोडलेत, उत्तरेला नर्मदा.

फिरायला नंदुरबार सोपं, सुरत-भुसावळ रेल्वे आहे, नवापूर स्टेशनातूनच गुजरातची सीमा जाते. धडगावचे घाट मात्र वेळ खातात.

वेळ कमी असेल तर नंदुरबार. हद्दी कशा आखतात तेच शिकायचं असेल तर गडचिरोलीच घे.