ग्रॅम्प्स काही महिने वापरल्यावर: ‘आई नक्की कोणती?’ या प्रश्नासाठी

वंशावळीचं सॉफ्टवेअर निवडताना बहुतेक जण तक्ता किती देखणा छापला जातो ते बघतात. माझी अडचण वेगळी होती. पणजोबांची दोन लग्नं झाली. मधल्या मुलीची आई पहिली की दुसरी, यावर घरात दोन मतं आहेत आणि दुसऱ्या लग्नाचा कागद सापडत नाही.

ग्रॅम्प्स हे वंशावळीचं सॉफ्टवेअर मोफत आहे. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं आणि माहिती आपल्याच संगणकात राहते. हे मला फार सोयीचं वाटतं, कारण अशी शंका ऑनलाइन तक्त्यात टाकली की कोणीतरी ती खरी मानून उतरवून घेतं!

सगळ्यात कामाची सोय म्हणजे एकच मूल एकाहून जास्त कुटुंबांत ठेवता येतं. वडिलांशी नातं वेगळं, आईशी वेगळं लिहिता येतं: जन्माने, दत्तक, सावत्र, अज्ञात वगैरे. त्या मुलीला मी दोन्ही कुटुंबांत घातलं. वडिलांशी नातं जन्माचं, दोन्ही आयांशी ‘अज्ञात’. एक मात्र सांभाळा: मूल जोडलं की सॉफ्टवेअर नातं जन्माचंच धरतं. बदल आपणच करायचा.

पुरावा नुसता माणसाला नाही, थेट त्या नात्यालाही जोडता येतो आणि प्रत्येक संदर्भाला भरवशाच्या पाच पायऱ्या आहेत. यातून शिस्त लागते. पहिल्या बायकोच्या मृत्यूच्या नोंदीतल्या तारखेला मी वरची पायरी दिली, पण त्याच कागदावरच्या वयाला खालची. वय सांगणारा कोणी नातलग असतो आणि तो अंदाजानेच बोललेला असतो.

लग्नाच्या बाबतीत कुटुंबाचा प्रकार ‘अज्ञात’ ठेवून ‘अमुक सालाच्या आधी’, ‘या दोन सालांच्या दरम्यान’ अशा तारखा देता येतात. पहिली बायको वारल्यावरच दुसरं लग्न झालं असं मी धरलेलं नाही. ते धरलं की अर्धं उत्तर आपणच घुसवतो. माहिती तपासणारं साधन आईच्या मृत्यूनंतर जन्मलेलं मूल, फार कमी वयाची आई अशा विसंगती काढून देतं. आमच्या बाबतीत मुलीच्या जन्माचा संभाव्य काळ पहिल्या बायकोच्या हयातीत बसला. माझा कल तिकडे आहे, पण नातं अजून ‘अज्ञात’च.

(डीएनएचं विचाराल तर पणतवंडांच्या पिढीत सख्ख्या शाखांमध्ये सरासरी ३ टक्क्यांच्या आसपास साम्य निघतं, सावत्र शाखांमध्ये त्याच्या निम्मं. दोन्हींचे पल्ले एकमेकांत इतके मिसळतात की एका जोडीच्या चाचणीवर निकाल देऊ नये.)

शिकायला वेळ लागतो. व्यक्ती, घटना, स्रोत, संदर्भ सगळं वेगवेगळं भरावं लागतं. ज्यांना फक्त नावांचा तक्ता हवाय ते दोन दिवसांत कंटाळतील. नातेसंबंधांच्या आलेखात जन्माखेरीजची नाती तुटक रेषेने दाखवायचा पर्याय आहे, तो चालू ठेवा.

फाइल दुसरीकडे न्यायची असेल तर जपून. गेडकॉम ५.५.१ मध्ये (वंशावळ एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेण्याचा ठरलेला फाइल-प्रकार) मुलाच्या नात्यासाठी जन्म, दत्तक असे मोजके प्रकार आहेत. त्यांत ‘अज्ञात’ नाही. म्हणून मी दोन्ही शक्यता आणि त्यांची कारणं त्या मुलीच्या टिपणातही साध्या वाक्यांत लिहून ठेवते.