पिस्तूल कमरेला की गाडीत कुलूपबंद?

गस्तीवरील प्रत्येक पोलिसाने पिस्तूल अंगावर बाळगावे, की शस्त्र गाडीत ठेवून गरज पडल्यासच बाहेर काढावे, हे समोर कोण उभे ठाकण्याची शक्यता आहे यावर ठरायला हवे. जिथे बेकायदा बंदुकांचा सुळसुळाट आहे, तिथे तत्काळ प्रत्युत्तराची गरज नाकारता येत नाही. मात्र मग दारुड्याशी झालेल्या साध्या झटापटीतही पिस्तूल हाताच्या अंतरावर असते. ते हिसकावले जाऊ नये म्हणून त्याच्या म्यानाला खटका बसवावा लागतो.

न्यूझीलंडमध्ये पिस्तुले आणि रायफली गस्तीच्या गाडीत कुलूपबंद असतात. क्राइस्टचर्च शहरातील मशिदींवर झालेल्या गोळीबाराच्या हल्ल्यानंतर २०१९ मध्ये तेथे सशस्त्र पथकांची गस्त प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाली, पण २०२० मध्ये ती कल्पना सोडून देण्यात आली. ब्रिटनमध्येही, उत्तर आयर्लंड वगळता, बहुतेक पोलीस बंदुकीविना फिरतात आणि सशस्त्र पथके स्वतंत्र असतात.

मला हीच पद्धत अधिक योग्य वाटते. परंतु खासगी परवाने काटेकोरपणे तपासून दिले जात असतील आणि परवानाधारक बंदूक व काडतुसे वेगवेगळ्या कुलपांत ठेवत असतील, तरच ती टिकते. चोरीला गेलेली प्रत्येक बंदूक शेवटी निःशस्त्र शिपायावरच रोखली जाण्याची भीती असते.