घड्याळ मागे फिरवलं की सांगणारं बिलिंग सॉफ्टवेअर: आठ महिन्यांचा अनुभव

नागपुरात इतवारी भागातल्या मस्कासाथेत आमचं किराण्याचं होलसेल दुकान आहे. गेल्या एप्रिलमध्ये जुनं बिलिंग सॉफ्टवेअर सोडलं, त्याला कारण 31 मार्च ही तारीख. नवं वर्ष लागून आठवडा झाला होता आणि एका गिऱ्हाइकाला जुन्या वर्षातलं बिल हवं होतं. काउंटरवरच्या पोट्ट्याने कॉम्प्युटरची तारीख मागे नेली, बिल छापलं, तारीख परत जागेवर आणली. विंडोज सांगेल ती तारीख ते सॉफ्टवेअर मुकाट्याने मानायचं. जीएसटीत बिलांचे नंबर ओळीने लागतात, म्हणून नंबर आणि तारखेचा मेळ बसेना हे सीएला दिसलं. मला तर पत्ताच नव्हता.

नवीन सॉफ्टवेअर गावातल्याच एका छोट्या कंपनीचं आहे. त्याची युक्ती साधी. कॉम्प्युटरमध्ये तारखेच्या घड्याळाशिवाय आणखी एक मोजणी चालू असते, मशीन सुरू झाल्यापासून किती वेळ गेला याची. तारीख कितीही फिरवा, ती मोजणी हलत नाही. सॉफ्टवेअर दर मिनिटाला दोन्ही ताडून बघतं. फरक पडला की बिल अडवत नाही, फक्त एक चौकट उघडून कारण विचारतं. जुनी वेळ, नवी वेळ, लॉगिन, सगळं नोंदलं जातं आणि माझ्या मोबाइलवर मेसेज येतो. बिल अडवत नाही हे मला सगळ्यात आवडलं. दसऱ्या-दिवाळीच्या गर्दीत काउंटर बंद पडलं तर चोरी पकडून काय करू?

सुरुवातीला मात्र डोकं उठलं. दुपारी जेवायला गेलो की कॉम्प्युटर स्लीपमध्ये जायचा आणि परत आल्यावर ‘घड्याळ 40 मिनिटे पुढे’ असा मेसेज. त्यांनी वापरलेली मोजणी स्लीपमध्ये थांबणारी होती. विंडोजमध्ये न थांबणारीही असते. दोन-तीनदा फोन केल्यावर ती लावून दिली.

खरा घोळ ऑगस्टमध्ये झाला. सोमवारी सकाळी मेसेज आला: घड्याळ इंटरनेटच्या वेळेपेक्षा 5 तास 30 मिनिटे मागे. दुकान मुनीमजींनी उघडलं होतं. मी फोनवरच तडकलो. वीस वर्षांपासून दुकानात असलेला माणूस, एवढंच म्हणाला, "भाऊ, मी कायले हात लावू त्याले?" संध्याकाळी कळलं की रविवारी भाच्याने त्याच मशीनवर शिकायला म्हणून विंडोजच्या जोडीला उबंटू ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाकली होती. उबंटू मदरबोर्डवरच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं, विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं, आणि आपली वेळ जागतिक वेळेच्या बरोब्बर साडेपाच तास पुढे. फरकाचा आकडाच ओरडून सांगत होता, पण मला तेव्हा कुठे कळतंय! उबंटूमध्ये एक सेटिंग बदललं आणि मिटलं. मुनीमजी अजूनही कारणाच्या चौकटीत ‘भाच्याला विचारा’ असं लिहितात.

एक भोक मात्र आहे. दुकान इतवारीत, तरी इतवारी बंद. शनिवारी रात्रीचं शेवटचं बिल झाल्यावर सोमवारी सकाळी नेटची वायर काढून, सॉफ्टवेअर उघडायच्या आधी तारीख रविवारची केली, तर वेळ शेवटच्या बिलाच्या पुढेच राहते. उघडताना ताडायला नेटची वेळ नसते, म्हणून सॉफ्टवेअरला काही कळत नाही. मी स्वतः करून पाहिलं, चौकट आली नाही. कंपनीने मग विंडोजची स्वतःची नोंद वाचायला सुरुवात केली. इव्हेंट व्ह्यूअरच्या सिस्टिम लॉगमध्ये ‘कर्नल-जनरल’खाली 1 नंबरचा इव्हेंट जुनी आणि नवी वेळ लिहून ठेवतो. विंडोज सुरू व्हायच्या आधीच बायॉसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, जाऊन बदललं तर तिथेही मागमूस राहत नाही, म्हणून मी बायॉसला पासवर्ड टाकला.

खरं तर विंडोजमधलं काउंटरचं खातं ‘स्टँडर्ड’, म्हणजे अ‍ॅडमिनचे अधिकार नसलेलं, केलं की तारीख बदलताच येत नाही. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर! पण टाइमझोन त्या खात्यावरूनही बदलतो. इथे सकाळचे 11 वाजले असताना हवाई निवडा, घड्याळ कालचे संध्याकाळचे साडेसात दाखवतं. सॉफ्टवेअर आतून जागतिक वेळ धरतं, त्यामुळे त्याला काही खटकत नाही, पण छापील बिलावर कालची तारीख येते.

एप्रिलमध्ये पुढच्या वर्षाचे पैसे भरायचे आहेत. भरीन, पण टाइमझोन बदलल्याचाही मेसेज यायला हवा, असं कंपनीला सांगून ठेवलं आहे.