पीएचडी विद्यापीठाच्या विभागात करावी की महाविद्यालयाच्या संशोधन केंद्रात?

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात पीएचडीला दोन वाटांनी जाता येतं : गणेशखिंडीतल्या आवारातला विभाग, नाहीतर पुणे, अहिल्यानगर, नाशिक जिल्ह्यांतल्या एखाद्या संलग्न महाविद्यालयाचं संशोधन केंद्र. पदवी तीच. नियमही तेच : किमान ३ वर्षं, साधारणपणे कमाल ६, कोर्सवर्क (सुरुवातीचे वर्ग आणि परीक्षा), दर सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे सादरीकरण. फरक पडतो तो रोजच्या कामात.

विषय प्रयोगशाळेतला असेल तर आमचं मत स्पष्ट आहे : आवार. रसायनशास्त्रच घ्या. नवं संयुग हाती आलं की एनएमआर (रेणूची रचना दाखवणारा आलेख) काढावा लागतो. ५ ते १० मिलिग्रॅम पदार्थ ०.६ मिलिलिटर ड्युटेरेटेड क्लोरोफॉर्ममध्ये (जड हायड्रोजन असलेल्या द्रावकात) विरघळवून नळी यंत्रात लावली की प्रोटॉनचा आलेख काही मिनिटांत निघतो. यंत्र जवळ असेल तर अभिक्रिया फसली का, हे दुसऱ्या दिवशी कळतं आणि लगेच दुरुस्त करता येतं. महाविद्यालयातून नमुना बहुधा बाहेर पाठवावा लागतो. दर नमुन्याला पैसे, वर रांग. अहवाल येतो तेव्हा त्यात द्रावकाचीच शिखरं उठून दिसतात, कारण नमुना नीट वाळलेला नसतो. मग तोच फेरा पुन्हा. तरीही महाविद्यालयच घ्यायचं असेल तर नमुना व्हॅक्यूमखाली पूर्ण वाळवून पाठवा आणि कार्बनच्या आलेखासाठी २० ते ३० मिलिग्रॅम आधीच बाजूला ठेवा. नाहीतर त्यासाठी सगळी अभिक्रिया परत करावी लागते.

खगोलशास्त्र आणि पेशीविज्ञानवाल्यांना आवाराचा आणखी एक फायदा आहे. आयुका (खगोलशास्त्राचं आंतरविद्यापीठ केंद्र), एनसीआरए (रेडिओ खगोलशास्त्राचं राष्ट्रीय केंद्र) आणि राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र याच आवारात आहेत. तिथल्या व्याख्यानाला चालत जाता येतं, आणि व्याख्यानानंतर चहाच्या कपावर विचारलेल्या एका प्रश्नाने अडलेलं काम सुटू शकतं. हे घरबसल्या मिळत नाही.

विषय बागलाणातल्या अहिराणी बोलीचा किंवा निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांमधल्या मजुरांचा असेल तर मात्र उलट. तिथे नाशिकचं केंद्र सरस. छाटणीच्या हंगामात दर आठवड्याला बागेवर जाता आलं पाहिजे, आणि पुण्याहून ते जमत नाही. नाशिक-पुणे अंतर दोनशे किलोमीटरच्या आसपास, त्यात चाकणची कोंडी. विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयाचं काम साठवून ठेवा आणि सलग आठ दिवस मुक्काम करून उरका. ई-नियतकालिकं घरून उघडण्यासाठी केंद्रातल्या विद्यार्थ्याला लॉगिन मिळतं का, हे प्रवेशाआधीच विचारा. नोकरी सांभाळून अर्धवेळ पीएचडी करणाऱ्या शिक्षकांनाही जवळचं केंद्रच परवडतं. त्यांना नोकरीच्या संस्थेचं ना-हरकत पत्र मात्र लागतं.

वसतिगृह मिळेलच असं धरून पुण्याला येऊ नका. औंध-बाणेरचं भाडं हिशेबात धरा.

मार्गदर्शक निवडताना आकडे बघा. एका वेळी प्राध्यापकाला ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी उरली असतील तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. निवृत्तीचं वय ६० असल्याने सत्तावन्न ओलांडलेल्या सरांनी तोंडी होकार दिला तरी तो नोंदणीच्या वेळी अडतो. त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध शोधगंगेवर (भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन साठ्यात) उघडून वाचा. महाविद्यालयात मार्गदर्शकाकडे बीएस्सीची प्रात्यक्षिकं, परीक्षा आणि नॅकची (महाविद्यालयाच्या मूल्यांकनाची) कामंही असतात, म्हणून आठवड्यातला एक ठराविक वार आणि तास आधीच ठरवून घ्या.

जेआरएफ (नेट परीक्षेतून मिळणारी संशोधन शिष्यवृत्ती) असेल तर पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० रुपये, पुढे ४२,०००. रक्कम दोन्हीकडे सारखीच, पण दर महिन्याला संस्थेने शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर हजेरीची खातरजमा करावी लागते. ज्या कार्यालयात तुम्ही एकटेच फेलो आहात, तिथे ती राहून जाते आणि पैसे अडकतात. पोर्टलचं काम कोणता कारकून बघतो, हे पहिल्याच आठवड्यात शोधून ठेवा.